हाफबॅकला चोरून बघायला पाहुणे आले

चहा ओता आधी, आणि कपात नको, पेल्यात ओता. कारण जो गाढवपणा मी सांगणार आहे तो कपभर चहात मावणारा नाही. माणूस चुकतो हो, कबूल! पण एका दुपारीत स्वतःच्या लग्नाचं असं वाटोळं करायला अंगात काहीतरी खास लागतं. ते माझ्या अंगात होतं.

इंग्रज अजून होते तेव्हाची गोष्ट. मी फुटबॉल खेळून पोट भरत होतो. हसू नका! त्या काळात बेळगाव-निपाणीकडं फुटबॉल खेळून पोट भरणारा माणूस म्हणजे घरच्यांना वाया गेलेला आणि दारच्यांना रिकामटेकडा. आमची आई तर विचारणाऱ्याला "थोरला निपाणीत वखारीत असतो" एवढंच सांगायची, आणि विषय बदलायची.

खेळ मी शिकलो बेळगावच्या कँपात. गोऱ्या सोल्जरांचे सामने चालायचे, आणि आम्ही पोरं गोलमागं उभं राहून चेंडू आणून द्यायचो. एकदा त्यांचा एक माणूस कमी पडला. एकानं मला दंडाला धरून मैदानाच्या मधोमध उभं केलं, समोरच्या एका धिप्पाड गोऱ्याकडं बोट दाखवलं आणि खुणेनं सांगितलं, ह्याला चेंडू मिळता कामा नये. झालं! हेच माझं शाळा-कॉलेज. धोतराला कुसळ चिकटावं तसा मी त्या गोऱ्याला चिकटलो. तो डावीकडं, मी डावीकडं. तो थांबला, मी थांबलो. शेवटी तो एवढा वैतागला की त्यानं खिशातून बिस्कीट काढून मला दिलं आणि हात जोडले. त्या दिवशी मला कळलं की ह्या धंद्यात आपल्याला बरकत आहे.

तर मी सेंटर-हाफ. म्हणजे हाफबॅकांतला मधला. आता तुम्ही विचाराल, हाफबॅक म्हणजे नेमकं काय? अहो, पुढचे गोल मारतात, मागचे गोल अडवतात, आणि मधे आम्ही. समोरच्याचा डाव मोडायचा, चेंडू काढून घ्यायचा, आपल्या पुढच्याला द्यायचा आणि परत आपल्या जागी यायचं. थोडक्यात, स्वयंपाक आपण करायचा, वाढायला दुसरा, आणि पंगत म्हणणार, "वा! काय वाढलंय!"

मला निपाणीला आणलं ते आमच्या सावकारांनी. तंबाखूचे मोठे व्यापारी. आधी त्यांनी पैलवान पाळले होते. पण कुठल्याशा साहेबानं एका मेजवानीत त्यांच्या कानात सांगितलं, की सरकारदरबारी मान हवा असेल तर कुस्ती सोडा, फुटबॉलचा संघ ठेवा. सावकारांना 'रावसाहेब' व्हायचं होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पैलवानांना नारळ दिला आणि आम्हाला आणलं. आम्ही वखारीत कारकून म्हणून लागलो. वखारीतल्या तंबाखूचं आणि माझं नातं एवढंच, की दोघंही तिथं पडून असायचो.

संघ बदलला, पण सावकारांचं डोकं तालमीतलंच राहिलं! सामन्याच्या सकाळी आम्हाला बदामाची थंडाई आणि तूप घातलेलं दूध. ते पोटात ढवळत असताना बैठका. मैदानात उतरताना आधी माती कपाळाला लावायची. आणि कुणी गोल मारला, की सामना संपल्यावर सावकार स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधणार. पुढच्या पोरांच्या घरी फेट्यांची थप्पी लागली होती. माझ्या डोक्याला कधी रुमालसुद्धा लागला नाही.

एकदा सावकारांनी मला बोलावूनच घेतलं.

"दत्तू, तू नेमकं करतोस काय रं मैदानात?"

"सावकार, मी समोरच्याला खेळू देत न्हाय."

"मंग कुस्ती निकाली कशी व्हायची?"

सावकारांनी मान हलवली आणि पानाचा डबा पुढं ओढला.

आता मुद्द्यावर येतो. माझी थोरली बहीण चिकोडीला दिली होती. आक्काकडं मी सणासुदीला जायचो. एकदा असाच गेलो असताना मागच्या आळीतली एक मुलगी विरजण मागायला आली. इंदू तिचं नाव. आक्का आत गेली, आणि मुलगी मला सरळ विचारते, "तुम्ही फुटबॉल खेळता म्हणे?"

"व्हय."

"गोल मारता?"

"न्हाय. मी दुसऱ्याला काही करू देत न्हाय."

"अय्या, म्हणजे आमच्या आत्यासारखंच!"

आणि हसली. मोकळेपणानं हसली, विरजणाची वाटी हातात धरून. सरळच सांगतो, मला ती आवडली. इतकी आवडली की मी त्या वेळी निपाणीला परत जाताना चुकून बेळगावच्या मोटारीत बसलो. पण तिच्या आत्याचं काही डोक्यातून जाईना. च्यायला, जिच्याशी लग्न करावं असं वाटतं तिच्या डोळ्यांपुढं आपण कोण? तर तिची आत्या!

आक्काला माझ्या मनातलं कळायला वेळ लागला नाही. तिनं तिकडं शब्द टाकला. मुलीचे वडील शाळेत मास्तर होते, माणूस शिस्तीचा. त्यांनी निरोप दिला, की मुलगा आधी चोरून बघेन.

आमच्याकडं ही पद्धतच आहे. मुलगी बघतात ती पोहे खाऊन, उजळ माथ्यानं. मुलगा मात्र चोरून बघतात. बाजारात, तालमीत, देवळात. पाहुणा येतो, कुठल्या तरी कोपऱ्यात उभा राहतो, मुलगा कसा चालतो, कुणाशी कसा बोलतो ते बघतो आणि गुपचूप जातो. मुलाला कळता कामा नये. कळलं तर तो सोंग घेणार, नाही का? आक्कानं मला एवढं सांगितलं हेच पाप होतं.

"शहापूरवाल्यांशी तुमची मॅच हाय न्हवं? त्या दिवशी येणार हाईत ते."

"दिसतात कसे गं?"

"ते न्हाय सांगायची. शपथ घातल्या त्यांनी मला. आन् तू बी वळकायला जाऊ नगंस. तू आपला रोजच्यावानी खेळ."

"रोजच्यावानी खेळलो तर त्यांना मी दिसणार कसा?"

"दत्त्या, गुमान खेळ म्हंते न्हवं!"

पण ऐकेल तो मी कसला? मी विचार केला. म्हणजे बघा, इथंच घोटाळ्याला सुरुवात झाली, मी विचार केला! मास्तर चिकोडीहून येणार. मैदानभर फेटे मिरवणारे, गोल मारणारे, आणि मी मधे उभा. ते म्हणणार, हा कोण? आणि घरी जाऊन मुलीला सांगणार, तुझ्या आत्यालाच बघून आलो. छे छे! ठरलं. त्या दिवशी मी गोल मारणार. फेटा घेणार. आणि मास्तर कोण ते ओळखून, नेमका त्यांच्या डोळ्यांपुढं खेळणार.

ओळखायचे कसे? त्याचीही युक्ती मी काढली. आमचं मैदान वखारींच्या मागं. वारा सुटला की तंबाखूची धूळ अशी उठायची की परगावचा माणूस शिंकून बेजार. पाहुणा संघ पहिला अर्धा खेळ शिंकण्यातच घालवायचा. आमच्या निम्म्या विजयांचं श्रेय त्या धुळीला आहे, पण तिला कुणी फेटा बांधला नाही. निपाणीचा माणूस मात्र शिंकत नाही. त्याच्या नाकाला सवय. आणि मास्तर म्हटलं की काळा कोट आलाच. तेव्हा हिशेब सोपा, बघणाऱ्यांत काळा कोट घातलेला जो माणूस शिंकेल तो मास्तर, तोच माझा सासरा! आहे की नाही अक्कल?

सामन्याचा दिवस उजाडला. वखारीतल्या बाया काम सोडून कडेला बसलेल्या, विडीवाले, हमाल, दलाल, सगळी निपाणी लोटलेली. सावकार खुर्चीवर. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ, काळा कोट, जरीकाठी पटका. मी थंडाईचे ढेकर देत कपाळाला माती लावत होतो, तेवढ्यात वारा सुटला.

"आऽऽक् छी!"

काळ्या कोटाची अख्खी खुर्ची हलली! मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नाक पुसलं आणि थेट माझ्या पायांकडं बघितलं. पायांकडं! खेळाडूला बघायला आलेला माणूस आणखी कुठं बघणार?

शिट्टी झाली. शहापूरच्या संघात परशा नावाचा सेंटर-फॉरवर्ड होता. विजेसारखा. त्याला चिकटून राहणं हे माझं त्या दिवशीचं काम. आमच्या मागं दाजी म्हणून फुलबॅक होता, त्यानं मला बजावलं, "दत्तू, परशाला सोडू नगंस. तू सोडलास की मी मेलो."

मी म्हटलं, "काळजी करू नको." आणि शिट्टी विरायच्या आत परशाला सोडून पुढं पळालो.

पुढं कोण? शहापूरचा सेंटर-हाफ. शंकर. कापडाच्या पेढीवर कारकून, बारका, शांत, चेहऱ्यावर काही नाही. मी चेंडू घेऊन त्याच्या अंगावर गेलो. त्यानं पाय घातला, चेंडू काढला, आपल्या पुढच्याला दिला आणि जागेवर उभा राहिला. मी परत चेंडू मिळवला, परत गेलो. परत तेच. बरं, हा माणूस दमत नाही, चिडत नाही, बोलत नाही! चोराला पोलीस जेवढ्या प्रेमानं धरतो तेवढ्या प्रेमानं तो दर वेळी मला धरत होता.

इकडं दाजी बोंबलतोय, "दत्त्या, मागं ये! आरं परशा मोकळा हाय!" परशा मोकळा होता. परशा त्या दिवशी इतका मोकळा होता की त्यालाच संकोच वाटत असावा. त्यानं पहिला गोल घातला. मी त्या वेळी कुठं होतो? काळ्या कोटाच्या खुर्चीसमोर, चेंडू नसताना, उगाच छाती काढून पळत होतो.

अर्धा खेळ संपला. लिंबाच्या सरबताची किटली आली. मी पहिला पेला भरला आणि तो न पिता थेट काळ्या कोटाकडं गेलो.

"घ्या मामा."

"मला? आवं तुमी खेळणारी माणसं, तुमी घ्या आदी."

काय हो नम्रपणा! मी पेला त्यांच्या हातात दिलाच. त्यांची नजर परत माझ्या पायांवर.

"पाय भक्कम हाईत तुमचं."

"थोरामोठ्यांचा आशीर्वाद!"

"घरात कोण कोण?"

"आई अन् धाकटा भाऊ."

"आईचं पाय कसं हाईत?"

"टाच दुखती जरा."

"आरारा! मंग एकदा घरी येऊन बगून जाईन म्हंतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अजून सोयरीक जमली नाही, आणि हा देवमाणूस माझ्या आईची टाच बघायला येतो म्हणतोय! मनातल्या मनात मी लग्नाच्या पत्रिका वाटल्यासुद्धा.

तसाच हवेत तरंगत मी मैदानाकडं परतलो, तर मधल्या रेषेच्या टोकाशी एक म्हातारेसे गृहस्थ उभे. धोतर, तपकिरी रंगाचा जुना कोट, काखेत छत्री. पहिल्यापासून तिथंच उभे होते. वाऱ्याबरोबर एवढी धूळ येत होती, पण ह्यांना शिंक नाही. वर मधूनमधून चिमूट नाकाशी नेत होते. म्हणजे कोण? अहो, तंबाखूचा वास घेऊन माल पारखणारा दलाल, दुसरा कोण? निपाणीत असे पैशाला पासरी.

ते मला म्हणाले, "अहो, तुम्ही सेंटर-हाफ ना? तुमची जागा मोकळी पडली आहे."

मी आधीच दाजीच्या बोंबलण्यानं कावलेलो. त्यात हे दलाल मला खेळ शिकवणार!

"काका," मी म्हटलं, "तुमी तंबाखूचा दर बगा. खेळाचं आमी बगतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. छत्री ह्या काखेतून त्या काखेत घेतली आणि "बरं" म्हणाले.

दुसऱ्या अर्ध्यात काय झालं ते विचारू नका. बरं, विचारा! परशानं आणखी गोल घातले. दाजीनं शेवटी बोंबलणं सोडलं आणि देवाचं नाव घ्यायला लागला. मी आपला शंकरवर धडका मारतोय. डावीकडून गेलो, शंकर. उजवीकडून गेलो, शंकर. एकदा तर तो शिंकत असताना गेलो, म्हटलं आता सापडला! त्यानं शिंकता शिंकता चेंडू काढला. एकदाच, फक्त एकदाच, मला मोकळा फटका मिळाला. मी डोळे मिटून हाणला. चेंडू गोलाच्या वरून नव्हे, शेजारूनही नव्हे, पार कडेला बसलेल्या बायांच्या घोळक्यात. एका बाईनं तो परत फेकला आणि ओरडली, "आवं दादा, गोल तिकडं हाय!"

सगळं मैदान हसलं. मी काळ्या कोटाकडं बघितलं. ते हसत नव्हते. ते माझ्या पायांकडंच बघत होते. म्हटलं, अजून आशा आहे.

सामना संपला. आम्ही सपाटून हरलो. मी मान खाली घालून उभा, आणि सावकार खुर्चीतून उठले. आता वखारीतूनही नारळ मिळणार असं वाटलं. पण सावकारांनी माझ्या पाठीवर थाप मारली!

"भले पठ्ठ्या! आज पयल्यांदा तू मला दिसलास! काय धडका, काय धडका! कुस्ती हारली तर हारली, पर पैलवान लढला!"

आणि सगळ्या निपाणीसमोर त्यांनी मला फेटा बांधला. मला! हरल्याबद्दल! ज्या सामन्यांत मी भल्याभल्यांना चेंडूला शिवू दिलं नव्हतं त्या सामन्यांनंतर सावकारांना माझं नाव आठवायचं नाही. आणि ज्या दिवशी मी आख्खा संघ बुडवला त्या दिवशी डोक्यावर फेटा. दाजी माझ्याकडं असा बघत होता की फेट्याला हात लावायचीही मला भीती वाटली.

पण मी कुठला शुद्धीवर? फेटा सावरत काळ्या कोटापुढं गेलो आणि नमस्काराला वाकलो. नेमके त्याच वेळी तेही माझ्या पायाशी वाकले. ठाण्णकन डोक्याला डोकं! मी कपाळ चोळत उभा, म्हटलं, सासरा कधी जावयाच्या पाया पडतो का? तर ह्यांच्या हातात दोरा. माझ्या पंजाचं माप घेत होते!

"सावकारांना म्हनालो मी, पोरांना अनवानी खेळवू नका, बूट घ्या. कोल्हापूरला माजं दुकान हाय चामड्याचं. ते ऐकंनात. पर तुमचं माप घिऊन ठेवतो. लई रुंद पाय हो तुमचं! आन् आईसाठी मऊ वहाणा, टाच दुखायची न्हाय."

म्हणजे हे चामड्याचे व्यापारी! मग मास्तर? मास्तर आलेच नाहीत की काय? मनाशी म्हटलं, बरंच झालं, आजचा पराभव त्यांनी बघितला नाही. फेटा तर मिळाला! आणि तो फेटा न सोडता दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं मी चिकोडी गाठली, इंदूच्या दारावरून मुद्दाम चालत आक्काकडं गेलो.

आक्का सुपात तांदूळ पाखडत होती. माझ्याकडं बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"कशापाई बांधलायस रं ह्यो?"

"सावकारांनी बांधला. मास्तर आले न्हाईत वाटतं?"

"आले न्हाईत? आरं, मदल्या रेगंच्या टोकाला उबं हुते की! धोतर, तपकिरी कोट, छत्री!"

"ते... ते दलाल?"

"दलाल! शाळंत डिरील मास्तर हाईत ते. पोरांना फुटबॉल शिकवत्यात. त्यांना दलाल समजलास व्हय तू? आन् तंबाखूचा दर बगा म्हणालास? काल रातीच येऊन सांगितलं त्यांनी मला."

"पण आक्का, ते शिंकले न्हाईत गं!"

"आरं, ते उठल्यापासनं निजंपतोर तपकीर ओढत्यात! त्यांना कुटली शिंक यायला?"

मी जोत्यावर बसलो. आक्का आता रागानं नव्हे, कळवळ्यानं बोलत होती, आणि तेच जास्त लागत होतं. "येड्या, त्यांनी हाफबॅक म्हणूनच तुला पसंत करायचं ठरीवलं हुतं. मला म्हणाले, गोल मारणारी पोरं लई बगितली. सगळी टाळ्यांच्या मागं पळत्यात. जागा सोडत न्हाय, दुसऱ्याचं वजं घेतो, असा पोरगा हवा मला. तेवढंच बगायला येतो म्हणाले."

ऐकलंत? सगळ्या जन्मात कुणीतरी एकच माणूस फक्त हाफबॅक बघायला आला होता. सगळं मैदान सोडून, गोल सोडून, मी जागेवर उभा राहतो की नाही हे बघायला. आणि त्या दिवशी मी जागेवर नव्हतो! मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. फेटा सोडायलासुद्धा हात उचलेना. तो आक्कानं सोडला.

"आता काय म्हणतात ते?" मी विचारलं.

आक्का परत सूप घेऊन बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या शहापूरच्या शंकरची चौकशी कराया सांगितल्या."

चौकशी झाली. मुलगा निर्व्यसनी, पेढीवरचे लोक चांगलं बोलले, पत्रिका जुळली. लग्न चिकोडीलाच. मी जाणार नव्हतो हो! पण आक्का म्हणाली, शेजार आहे, न्हाय आलास तर लोक काय ते समजतील. म्हणून गेलो. मांडवाच्या खांबाला टेकून, कुणाच्या नजरेत न भरता उभा राहिलो. ते मात्र मला जमतं. अक्षता टाकल्या. इंदू छान दिसत होती. शंकर पाटावर बसला होता, चेहऱ्यावर काही नाही, जागेवरून तसूभर हलत नव्हता.

आणि मास्तरांनी मला बघितलं! तडक आले, माझा हात धरला आणि ओढत पाहुण्यांच्या मधे नेलं. मला वाटलं, आता दलालाचा हिशेब चुकता होणार. पण मास्तर खुशीत होते. सगळ्यांना मोठ्यानं सांगायला लागले, "हे बघा मंडळी! ह्यांच्यामुळं मला हा जावई मिळाला!"

"म्हणजे कसं हो मास्तर?" कुणीतरी विचारलं.

"अहो, हाफबॅकचा खेळ असा दिसत नाही. तो दिसायला समोरून कुणीतरी सारखं येऊन आपटावं लागतं. ह्यांनी दुपारभर दुसरं काही केलंच नाही!"

पाहुण्यांना त्यातलं फुटबॉलचं एक अक्षर कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की हे लग्न जमवलं ते ह्या माणसानं. मग काय! मुलीच्या मामांनी मला पाटावर बसवलं, गंध लावलं, आणि मध्यस्थाचा मान म्हणून हातात नारळ आणि टॉवेल-टोपी ठेवली. मी नको नको म्हणतोय तर म्हणतात, "आवं, मान हाय तुमचा, घ्यावाच लागतो."

घेतला. काय करणार?

पंगतीत शेजारी एक पाटील बसले होते. जेवण होईपर्यंत ते माझ्याकडं आदरानं बघत होते. हात धुताना हळूच जवळ आले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, लई भारी सोयरीक जमीवलीसा. आमची बी एक लगनाची हाय. तुमच्या बगण्यात असाच येखादा चांगला पोरगा आसंल तर सांगा की."